ताबा सुटतोच, पुढे काय उभं आहे ते बघा

न्यू जर्सीला बहिणीकडे गेलो होतो. भाचा गाडी चालवत होता आणि मी शेजारी बसून रस्ता बघत होतो. एके ठिकाणी हायवेला फाटा फुटत होता. त्या बेचक्यात, काँक्रीटच्या कठड्याच्या तोंडाशी, पिवळ्या प्लास्टिकची दहा-बारा पिंपं मांडलेली दिसली. टोकाला एक, मागे दोन, त्यामागे आणखी दोन, अशी. रस्त्याचं काही काम चालू असेल असं वाटलं. पुढच्या फाट्यावर पुन्हा तशीच पिंपं. शेवटी विचारलं. भाचा म्हणाला, "मामा, त्यात वाळू आहे. कुणी फाट्यावर गोंधळला आणि सरळ आत घुसला, तर कठड्यावर आदळायच्या आधी वाळूत थांबतो."

एवढं सांगून तो दुसऱ्या विषयावर गेला. त्याच्या लेखी त्यात विशेष काही नव्हतं. माझ्या मात्र ती पिंपं डोक्यातून जाईनात, कारण निघण्याच्या दोनच महिने आधी मी आमच्या गावाकडच्या रस्त्यावर मोरीच्या कठड्यात रुतलेला एक टेम्पो बघितला होता. त्या टेम्पोकडे पुढे येतो. आधी ही पिंपं कुणी बनवली ते सांगायला हवं. ती बनवणारा माणूस रस्ते बांधणारा इंजिनिअर नव्हता, सरकारी अधिकारी नव्हता. तो मोटारींच्या शर्यती जिंकणारा चालक होता, आणि मला जे म्हणायचं आहे त्याचा सगळा आधार या एका गोष्टीत आहे.

जॉन फिच यांचा जन्म १९१७ चा, इंडियानापोलिसचा. अमेरिकेतलं मोटारशर्यतींचं हे सगळ्यांत नावाजलेलं शहर. दुसऱ्या महायुद्धात ते लढाऊ विमानं चालवत होते. जर्मनांचं मेसरश्मिट २६२ हे जेट विमान पाडणाऱ्या मोजक्या अमेरिकन वैमानिकांपैकी ते एक. युद्धाच्या अखेरीस त्यांचंच विमान पाडलं गेलं आणि ते जर्मनांच्या कैदेत पडले. सुटून आल्यावर शर्यतीत उतरले. १९५१ मध्ये अर्जेंटिनात जिंकले, त्याच वर्षी अमेरिकेतल्या हौशी क्रीडामोटार शर्यतींचे राष्ट्रीय विजेते ठरले. मग ब्रिग्ज कनिंगहॅम या धनिकाच्या संघात गेले. १९५३ मध्ये फ्लोरिडातली सेब्रिंगची १२ तासांची शर्यत त्यांनी फिल वॉल्टर्स यांच्या जोडीने जिंकली, तीही अमेरिकेत बनलेल्या गाडीत. त्याच वर्षी फ्रान्समधल्या ल माँ इथे ही जोडी तिसरी आली. युरोपच्या मैदानात अमेरिकन चालकाला फारसं कुणी मोजत नसे, त्या काळातली ही गोष्ट आहे.

१९५५ साली मर्सिडीजने त्यांना आपल्या संघात घेतलं. त्या संघात हुआन मॅन्युएल फान्जिओ आणि स्टर्लिंग मॉस होते. म्हणजे कुठल्या पंगतीत पान मांडलं गेलं ते लक्षात यावं.

त्या वर्षीच्या मिल्ले मिलियाचा एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. इटलीतली ही शर्यत ब्रेशियाहून रोमला आणि परत, हजार मैलांची, म्हणजे सुमारे १,६०० किलोमीटरची. सगळे साधे, रोजच्या वापराचे रस्ते. एवढ्या अंतरातली वळणं कुणाच्या लक्षात राहणार? डेनिस जेन्किन्सन हा इंग्रज पत्रकार आणि फिच यांच्यात एक कल्पना शिजली. आधी सगळा रस्ता फिरून यायचा, प्रत्येक अवघड वळण, प्रत्येक चढ, प्रत्येक रेल्वे फाटक टिपून घ्यायचं, आणि शर्यतीत शेजारी बसणाऱ्याने ते वाचून दाखवायचं. जेन्किन्सन फिच यांच्या शेजारी बसायचे होते. पण मॉस यांना मर्सिडीजची सगळ्यांत वेगवान गाडी मिळाली तेव्हा फिच यांनी मोठ्या मनाने जेन्किन्सन त्यांना देऊन टाकले. मॉस १० तास ७ मिनिटांत जिंकले, कागदाच्या गुंडाळीवरच्या त्या नोंदींच्या जोरावर. फिच दुकानात मिळणारी मर्सिडीज ३०० एसएल घेऊन एकूण पाचवे आणि आपल्या गटात पहिले आले.

जगातल्या अव्वल चालकांनाही पुढचा रस्ता आधी सांगावा लागतो, हे फिच यांनी तेव्हाच गृहीत धरलं होतं. नजर, हात, अनुभव सगळं असूनही माणूस चुकतो. आपल्याकडे हीच गोष्ट पुण्याहून सोलापूरला रात्रभर टेम्पो हाकणाऱ्या माणसाच्या बाबतीत कुणी मान्य करत नाही.

मिल्ले मिलियानंतर सहा आठवड्यांनी, ११ जून १९५५ ला, फिच ल माँ इथे होते. २४ तासांची शर्यत, एका गाडीला दोन चालक, आळीपाळीने चालवायचं. २० क्रमांकाच्या मर्सिडीजवर त्यांचे जोडीदार होते ४९ वर्षांचे फ्रेंच चालक पिअर लेवेग. तीन वर्षांपूर्वी याच शर्यतीत लेवेग जवळपास २३ तास एकटे गाडी चालवत राहिले होते, आघाडीवर होते, आणि शेवटच्या तासात इंजिनाने दगा दिला होता. या वेळी पहिली पाळी लेवेग यांची होती. फिच पिटजवळ, म्हणजे गाड्या इंधनासाठी आणि दुरुस्तीसाठी थांबतात त्या जागेजवळ, लेवेग यांच्या पत्नीबरोबर उभे होते.

संध्याकाळी ६ वाजून २६ मिनिटांनी माइक हॉथॉर्न यांनी आपली जॅग्वार पिटकडे घ्यायला ब्रेक लावला. मागच्या ऑस्टिन-हीलीतल्या लान्स मॅकलिन यांनी धडक टाळायला गाडी डावीकडे ओढली. त्यामागून लेवेग ताशी २४० किलोमीटरच्या आसपास येत होते. मर्सिडीज ऑस्टिनच्या पाठीवरून उडाली आणि प्रेक्षकांच्या पुढ्यातल्या मातीच्या बांधावर आदळून फुटली. बॉनेट, पुढचा आस, इंजिन गर्दीतून आरपार गेलं. उरलेली गाडी बांधावर पेटली. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची बॉडी, त्यामुळे पांढऱ्या आगीने जळत राहिली. लेवेग आणि ८० हून अधिक प्रेक्षक गेले. फिच यांची पाळी यायची होती, ती गाडीच उरली नाही. मर्सिडीजने शर्यतीतून माघार घ्यावी असा आग्रह त्यांनी धरला. स्टुटगार्टला, मर्सिडीजच्या मुख्यालयात, फोन झाले, आणि पहाटे पावणेदोनच्या सुमारास, शर्यतीत आघाडीवर असताना, संघाने आपल्या उरलेल्या गाड्या थांबवल्या.

यानंतर जगाने पुढची अनेक दशकं एकच प्रश्न चघळला. चूक कोणाची? हॉथॉर्नने उशिरा ब्रेक मारला का? मॅकलिनने मागे बघितलं नाही का? लेवेगचं वय झालं होतं का? फ्रेंच सरकारने नेमलेल्या चौकशीने मात्र कुणा चालकाला दोषी धरलं नाही. तिथली जागा अशा वेगासाठी बांधलेलीच नव्हती, असा तिचा रोख होता. आणि ते कुणालाही दिसण्यासारखं होतं. शर्यत १९२३ मध्ये सुरू झाली तेव्हाच्या मोटारी आणि १९५५ च्या मोटारी यांची तुलनाच होत नाही. रस्ता मात्र तिथे तसाच अरुंद, पिट आणि धावती गाडी यांच्यात ना भिंत ना कठडा, आणि प्रेक्षकांच्या पुढे कमरेएवढा मातीचा बांध. चौकशीनंतर पिट आणि स्टँड पाडून पुन्हा बांधले गेले. तीन दशकांत गाड्यांचा वेग अडीच पटींच्या आसपास गेला, आणि बांध तेवढाच राहिला होता.

तीन महिन्यांनी उत्तर आयर्लंडमधल्या डंड्रॉडच्या अरुंद रस्त्यांवर मॉस आणि फिच यांनी टूरिस्ट ट्रॉफी जिंकली. त्या शर्यतीतही तीन चालक मेले. वर्षअखेरीस मर्सिडीज शर्यतींतून बाहेर पडली. फिच थांबले नाहीत. शेव्हरोलेसाठी कॉर्व्हेटचा संघ उभा केला, १९६० मध्ये ल माँ इथे कॉर्व्हेट नेऊन गट जिंकला, १९६६ पर्यंत सेब्रिंगला उतरत राहिले. कनेटिकटमधल्या लाइम रॉक या शर्यतमार्गाच्या उभारणीत त्यांचा मोठा हात होता आणि १९५७ पासून तिथला कारभारही त्यांनी बघितला. पण या सगळ्या काळात त्यांचं मन एका वेगळ्याच गोष्टीकडे वळत गेलं होतं. गाडी जिथे थांबते, तिथे ती कशी थांबते?

वाळूची पिंपं त्यातून आली. युद्धात तंबूभोवती वाळूने भरलेले इंधनाचे डबे रचून गोळीबारापासून बचाव करत, ती आठवण त्यांच्या मनात होती. सुरुवातीला दारूच्या बाटल्यांच्या खोक्यांत वाळू भरून ते प्रयोग करत, आणि त्या खोक्यांवर गाडी स्वतः नेऊन आदळवत. गाडी आपण चालवायची, समोर आपणच भरलेली वाळू, आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवर. आपल्या हिशेबावर एवढा भरवसा असलेला माणूस मला तरी दुसरा माहीत नाही.

हिशेब समजून घेण्यासारखा आहे. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी काँक्रीटवर आदळणं म्हणजे साधारण १३ मजली इमारतीवरून खाली पडणं. गाडीचं नाक दबून दबून अर्धा-पाऊण मीटर दबतं, आणि तेवढ्यात सगळा वेग शून्य होतो. आतल्या माणसावर त्याच्या वजनाच्या साठ-पासष्ट पट जोर येतो. शरीर ते सोसत नाही, पट्टा लावलेला असला तरी. हाच वेग सहा मीटरांत उतरवला तर तो जोर सहा-सात पटींवर येतो. पट्टा लावलेला माणूस यातून सहसा वाचतो.

सहा मीटर मिळवायचे कसे, तर पिंपांतल्या वाळूचं वजन वाढवत जाऊन. सगळ्यांत पुढच्या पिंपात ९० किलोच्या आसपास, मग १८०, मग ३२०, मग ६४०, शेवटी जवळपास ९६०. दीड टनाची गाडी पहिल्या पिंपावर गेली की ते फुटतं आणि त्यातली वाळू गाडीच्या वेगातला थोडा वाटा घेऊन उडते. प्रत्येक वजनाचं एकच पिंप धरून ढोबळ हिशेब केला तर १०० चा वेग ९४ वर येतो, मग ८४, मग ६९, मग ४९, मग ३०. प्रत्यक्षात पिंपं जास्त असतात, म्हणून गाडी कठड्यापर्यंत पोचेस्तोवर जवळजवळ थांबलेली असते. यात स्प्रिंग नाही, मोटार नाही, वीज नाही. थंडीत वाळू गोठू नये म्हणून त्या मुलखात तीत मीठ मिसळतात, पाऊस आत जाऊ नये म्हणून वर झाकण असतं. तंत्रज्ञान म्हणावं तर एवढंच.

या पिंपांनी १७ हजारांच्या आसपास जीव वाचवले असावेत, असा अंदाज २०१२ मध्ये फिच गेले तेव्हा त्यांच्यावरच्या मृत्युलेखांत छापून आला होता. ते ९५ वर्षं जगले. वाचलेल्यांतल्या बहुतेकांनी त्यांचं नावही ऐकलं नसेल. भाच्याने तरी कुठे ऐकलं होतं?

आता टेम्पोकडे येतो.

आमच्या गावाकडचा राज्य महामार्ग काही वर्षांपूर्वी रुंद झाला. डांबर छान, पांढरे पट्टे छान. पण एका ओढ्यावरची जुनी मोरी तशीच राहिली. रस्ता दोन्ही बाजूंनी ऐसपैस येतो आणि मोरीपाशी अचानक आक्रसतो. त्यामुळे मोरीचा दगडी कठडा आता चक्क रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यात उभा आहे. दिवसा दिसतो. रात्री समोरच्या गाडीचा झोत डोळ्यांवर आला की दिसत नाही. त्या पहाटे कांदे घेऊन निघालेला एक छोटा टेम्पो त्याच्यावर गेला. मी पोचलो तेव्हा उजाडलं होतं. ओढ्याच्या पाण्यात कांदे तरंगत होते, गावातली पोरं ते काढून काठावर ढीग लावत होती. टेम्पोचं तोंड कठड्यात असं रुतलं होतं की दरवाजा कापून काढावा लागला. चालक बाविशीतला. त्याच्या मोबाइलवर बाजार समितीतल्या कुणाचा तरी फोन पुन्हा पुन्हा येत होता आणि कुणी उचलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बातमी आली: चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने टेम्पो कठड्याला धडकला. पोलिसांच्या कागदात नेहमीची शब्दावली: भरधाव वेगाने, हयगयीने, निष्काळजीपणे. गुन्हा दाखल झाला मयत चालकावर. जो बोलू शकत नाही त्याच्यावर सगळं टाकून फाईल मिटली.

"ताबा सुटल्याने" हे आपलं ठरलेलं वाक्य आहे. ते खोटं नसतं. ताबा सुटलेलाच असतो. पण ताबा सुटणं ही अपघाताची सुरुवात झाली, आणि आपण तिथेच चौकशी संपवतो. गाडी त्यानंतर कशावर आदळली, ती वस्तू तिथे का होती, कुणी ठेवली, तिच्यापुढे काहीच का नव्हतं, हे बातमीत नसतं, पंचनाम्यात क्वचित असतं आणि आपल्या बोलण्यात तर कधीच नसतं.

४ सप्टेंबर २०२२ आठवा. अहमदाबाद-मुंबई महामार्गावर पालघर जिल्ह्यात, सूर्या नदीच्या पुलावर, उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली आणि ते गेले. पुढचे कित्येक दिवस देशभर एकच चर्चा: मागच्या सीटवर पट्टा लावला होता का? चर्चा आवश्यक होती, पट्टा लावायलाच हवा. पण अपघाताचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांनी दाखवून दिलं होतं की पुलाचा कठडा रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यात घुसलेला आहे. रस्ता रुंद, पूल अरुंद. आमच्या ओढ्यावरच्या मोरीचंच हे मोठं रूप. तिथे धडक शोषून घेणारी यंत्रणा नंतर बसवली गेली. म्हणजे ती बसवता येते, आणि कुठे बसवायची हे आपल्याला कळतं. गाडीत कोण होतं यावर ते अवलंबून असू नये.

त्याआधी डिसेंबर २०१२. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले. समोरच्या बाजूचा टेम्पो दुभाजक ओलांडून त्यांच्या गाडीवर आला होता. यात त्यांच्या गाडीच्या चालकाने काय वेगळं करायला हवं होतं? दोन बाजूंच्या मध्ये टेम्पो अडवेल असा कठडा असता तर टेम्पोचालकाची चूक त्याच्या बाजूलाच राहिली असती. नाट्यगृहात त्या दोघांना बघितलेल्या हजारो लोकांनी तेव्हा हळहळ केली. मीही केली. कठडा का नव्हता हे मात्र आमच्यापैकी फार थोड्यांनी विचारलं.

याच द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसं मेली होती. त्यानंतर मृत्यू शून्यावर आणण्याचं उद्दिष्ट ठेवून काम सुरू झालं. उघडे खांब झाकले, कठड्यांची धोक्याची टोकं सुरक्षित केली, मधल्या भागात तारांचे अडथळे लावले, गस्त वाढवली. काही वर्षांतच आकडा शंभराच्या खाली आला. माणसं तीच, घाईही तीच.

या सगळ्यावरचे आक्षेप मला ठाऊक आहेत, कारण ते माझ्याच घरात, माझ्याच मित्रांत ऐकतो.

पहिला आक्षेप असा, की आपल्याकडे शिस्तच नाही. रस्ते कितीही सुधारा, लोक दारू पिऊन, मोबाइल बघत, उलट्या बाजूने येणारच. खरं आहे. त्यांना दंड करा, परवाने काढून घ्या, वेगाचे कॅमेरे लावा. सरकारी आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली आणि त्यांतल्या ७० टक्क्यांहून अधिक मृत्यूंचं कारण अतिवेग म्हणून नोंदलं गेलं. वेगाचं पाप मी कमी लेखत नाही. पण ती नोंद कशी होते तेही बघा. रकान्यात "अतिवेग" लिहायला लेखणीपलीकडे काही लागत नाही. "कठडा रस्त्यात होता" लिहायचं तर मोजमाप लागतं आणि एका सरकारी खात्याला दुसऱ्या सरकारी खात्याकडे बोट दाखवावं लागतं. शिवाय शिस्तीत चालवणाराही चुकतो. टायर फुटतो, जनावर आडवं येतं, डोळा लागतो. बाविशीतल्या त्या पोराची आदल्या दिवसाची झोप किती झाली होती, ते त्याच्या आईने मला सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही, कारण लगेच कुणीतरी म्हणेल, "मग चूक त्याचीच." असेलही. पण झोप अपुरी असण्याची शिक्षा मृत्यू असावी का, आणि ती देणारी मोरी तिथे आपण राखून ठेवावी का?

दुसरा आक्षेप चोरीचा. प्लास्टिकची पिंपं चार दिवसांत गायब होतील, लोखंडी कठडे भंगारात जातात तिथे पिंपांची काय कथा. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण मी कापून नेलेले कठडे बघितले आहेत. पण चोरी होते म्हणून आपण विजेच्या तारा ओढायच्या थांबवल्या नाहीत, रेल्वेचे रूळ टाकायचे थांबवले नाहीत. पिंपच हवं असाही माझा हट्ट नाही. कुठे पत्र्याचा कठडा नीट वळवून जमिनीत उतरवला तरी पुरेल, कुठे मोरी रुंद केली की प्रश्नच संपेल. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने सुरक्षा कठड्यांबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं २०१५ मध्येच काढली आहेत. ज्ञान परदेशातून आणायचं नाही, ते आपल्या कपाटात आहे.

तिसरा आक्षेप खराखुरा अवघड आहे. देशात रस्त्यावर मरणाऱ्यांत जवळपास ४५ टक्के दुचाकीवरचे आणि २० टक्क्यांच्या आसपास पायी चालणारे. वाळूची पिंपं त्यांच्या काय कामाची? थेट फारशी नाहीत. मोटारसायकलवरचा माणूस वाळूत गेला तरी उडून पडणारच, आणि पादचाऱ्याला गाडीच येऊन धडकते. त्यांच्यासाठी फूटपाथ हवेत, गावातून जाणाऱ्या महामार्गाचा वेग रस्त्याच्या रचनेनेच उतरायला हवा, शाळेपुढे उंचवट्याचं क्रॉसिंग हवं. पण विचार तोच आहे. शाळकरी मूल रस्ता ओलांडताना चुकणार, हे धरून रस्ता बांधायचा. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये हे धोरण म्हणून मान्य केलं: माणूस चुकेल, पण त्या चुकीने त्याचा जीव जाता कामा नये, आणि ही जबाबदारी रस्ता बांधणाऱ्याचीही आहे. फिच यांनी हीच गोष्ट त्याच्या तीसेक वर्षं आधी वाळूत करून दाखवली होती.

जबाबदारीचा कायदा आपल्याकडेही आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आलं. रस्त्याच्या रचनेत, बांधणीत किंवा देखभालीत ठरवून दिलेली मानकं पाळली नाहीत आणि त्यामुळे माणूस मेला किंवा अपंग झाला, तर ठेकेदाराला, सल्लागाराला किंवा संबंधित यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड. एक लाख ही रक्कम तुटपुंजी आहे, पण कलम आहे. तुमच्या गावाकडच्या अपघातात हे कलम लावल्याचं कधी ऐकलंत का? मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी एकानेही ऐकलं नव्हतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जीवघेण्या अपघाताच्या प्रत्येक पंचनाम्यात, चालकाच्या वेगाच्या रकान्याशेजारी, आणखी तीन गोष्टी सक्तीने लिहिल्या जाव्यात: गाडी कशावर आदळली, ती वस्तू रस्त्याच्या कडेपासून किती अंतरावर होती, आणि तिच्यापुढे संरक्षण काय होतं. टेपने मोजायला पाच मिनिटं लागतात. तो कागद पोलीस ठाण्यात न ठेवता जाहीर व्हावा, म्हणजे एकाच मोरीवर दुसरा माणूस गेला तर ते गावाला दिसेल. आणि पत्रकार मित्रांनो, "ताबा सुटल्याने" लिहा हवं तर, पण त्यानंतर एक वाक्य आणखी लिहा. आदळली कशावर ते.

फिच यांनी ल माँच्या त्या संध्याकाळी जे बघितलं, त्यानंतर त्यांना "लोकांना गाडी चालवता येत नाही" असं म्हणायचा अधिकार इतर कुणाहीपेक्षा जास्त होता. फान्जिओ आणि मॉस यांच्या बरोबरीने चालवलेला माणूस. आपल्याकडे ऑफिसच्या गाडीत मागे बसणाराही हे वाक्य दिवसातून चार वेळा म्हणतो. फिच यांनी उरलेलं आयुष्य वाळू, पिंपं आणि धडक लागली की सरकून जोर शोषणारे कठडे यांत घालवलं.

अमेरिकेहून परतल्यावर मी त्या मोरीबद्दल संबंधित खात्याला पत्र लिहिलं. फोटो जोडले, टेप लावून मापं दिली: कठडा पांढऱ्या पट्ट्याच्या आत ४० सेंटीमीटर. चार महिन्यांनी उत्तर म्हणून मोरीच्या अलीकडे एक पाटी उभी राहिली, "वाहने सावकाश हाका". पाटी लोखंडी खांबावर आहे, खांब काँक्रीटमध्ये रोवला आहे, आणि तोही कडेच्या पट्ट्यातच आहे. गेल्या आठवड्यात मी पुन्हा गेलो. पाटीच्या खांबाला पोचा आलाय, हिरवा रंग लागलाय. कोण होतं, वाचलं का, गावात कुणाला माहीत नव्हतं. मी त्या खांबाचंही अंतर मोजलं आणि दुसरं पत्र टाकलं आहे.